दोन खाटांची आजी

चौथ्या दिवशी आमच्या दोन्ही वह्यांत मिळून चारशे तेरा माणसं होती आणि दुपारच्या रांगेत ताटं गेली चारशे बारा.

निवारा केंद्रात एक माणूस कमी भरला की धावपळ होते, गोष्ट केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमपर्यंत जाते. वहीत एक जास्त असला तर कुणाचं काही बिघडत नाही, एक ताट वाचतं एवढंच. पण माझी सवय वाईट. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावरचा कारकून. तिथे माणूस दोनदाच येतो, आणि दोन्ही वेळा स्वतः येत नाही. कागदावरचं माणूस आणि चालतं-बोलतं माणूस यांचा मेळ घालायची संधी मला एकोणीस वर्षांत मिळाली नव्हती. इथे आयती चालून आली होती.

डोंगराची कड घसरून खालची वस्ती गेली होती. म्हणजे निम्मी घरं गेली, आणि निम्मी कधीही जातील म्हणून रिकामी केली. सगळ्यांना शाळेत आणलं. शाळेला दोन फाटकं, म्हणून नोंदणीची टेबलंही दोन. पुढच्या फाटकावर मी, मैदानाच्या बाजूला शाळेचेच चित्रकलेचे मास्तर. मास्तरांचं अक्षर असं की वाचणाऱ्याला आपण बेघर झालोय याचं क्षणभर बरं वाटावं. लोकांचे कागद मातीखाली, त्यामुळे जो जे सांगेल ते लिहायचं, आणि एका कुटुंबाला एक कार्ड द्यायचं.

पहिल्याच सकाळी फळ्यावर नियम लिहिला. कार्डावर पासष्टच्या वरचं माणूस असेल तर त्या कुटुंबाला हॉलच्या फरशीऐवजी तळमजल्यावरचा वर्ग, एक लोखंडी खाट आणि रोज अर्धा लिटर दूध. तासाभरात वस्तीतली माणसं भराभर म्हातारी व्हायला लागली. एक गवंडी आपल्या थोरल्या भावाला घेऊन आला आणि म्हणाला, "हे आमचे वडील." भाऊही मान खाली घालून "हो" म्हणाला. मी वय विचारलं तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

तर ते एक जास्तीचं डोकं. दोन दिवस मी वर्गावर्गातून फिरलो. सापडलं ते चपलांमुळे. दानात आलेल्या ढिगातून एका आजींना जी जोडी मिळाली होती तिच्यातली एक निळी होती आणि एक तपकिरी, तपकिरी एक माप मोठी. ही जोडी मला सकाळी तिसरी 'अ'च्या दारात दिसली आणि दुपारी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, सातवी 'ब'च्या दारात.

तिसरी 'अ' म्हणजे माझ्या वहीतलं कुटुंब: एक सुतार, त्याची बायको, तीन मुली आणि आई. सातवी 'ब' मास्तरांच्या वहीत: एक रंगारी, त्याची बायको, दोन मुलं, सासू आणि आई. सासू अठ्ठावन्नची. नियमाला सात वर्षं कमी पडत होती.

"आई कुणाची?" मी सुताराला विचारलं.

"आमचीच. आमच्याकडेच असते."

रंगाऱ्याला विचारलं.

"आमचीच की साहेब. आमच्याशिवाय कुणाकडे राहणार?"

उलगडा केला नर्सबाईंनी. त्या वस्तीतल्याच दवाखान्यात बारा वर्षं होत्या, त्यांना प्रत्येक घराचा रक्तदाब ठाऊक. "अहो, सख्खे भाऊ आहेत ते. थोरला सुतार, धाकटा रंगारी. अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. बापाच्या घराच्या मधोमध भिंत घातली. डोंगराने दोन्हीकडची घरं नेली, भिंत तेवढी ठेवली. जाऊन बघा, अजून उभी आहे."

"आणि आजी?"

"महिन्याचे पंधरा दिवस इकडे, पंधरा तिकडे."

"आणि एकतीसचा महिना असला की?"

नर्सबाईंनी गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता माझ्याकडे बघितलं. "हा प्रश्न तुम्हालाच सुचणार. विचारा त्यांनाच."

आजी पाण्याच्या टाकीमागे पायरीवर बसल्या होत्या. मी वही उघडीच घेऊन गेलो, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही.

"आजी, तुमचं नाव दोन कार्डांवर आहे."

"हो का?" त्यांनी नवल केलं नाही. "थोरला आधी आला ना, त्यानं सांगितलं असेल, आई मागून येतेय म्हणून. मी आले ते धाकट्याबरोबर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. त्यानंही लिहून दिलं."

"एक खोडावं लागेल."

"कुठलं?"

"तुम्ही सांगाल ते."

त्यांनी त्या निळ्या-तपकिरी चपला शेजारी शेजारी नीट लावल्या. मग म्हणाल्या, "अरे बाबा, घरी असताना सोळा तारीख उजाडली की इकडची सून माझं बोचकं भिंतीपाशी आणून ठेवायची. चहासुद्धा व्हायच्या आधी. एकतीस तारीख तर कुणाचीच नव्हती. त्या दिवशी मला भूकच नसायची." त्या हसल्या. "आणि इथे दोघंही 'आई कुठाय, आई कुठाय' करत शोधतात. राहू दे ना चार दिवस. जेवते तर मी एकदाच."

जेवते एकदाच, हे खरं होतं. ताटं मीच मोजली होती. मी वही मिटली.

त्यानंतरचे नऊ-दहा दिवस शाळेत फुकटचा तमाशा होता, आणि त्याचं तिकीट फक्त माझ्याकडे. तपासणीचं पथक रोज दहाला यायचं. कार्डावरची म्हातारी माणसं जागेवर आहेत का ते बघायचं, टिक करायचं, पुढे जायचं. पथक तिसरी 'अ'त असेपर्यंत आजी थोरल्याच्या खाटेवर. पथक बाहेर पडलं की थोरली सून त्यांना मागच्या दाराने टाकीच्या आडून पुढे काढायची, आणि धाकटी सून पलीकडून हात धरायची. दोघी जावा एकमेकींकडे न बघता ती देवाणघेवाण इतकी सफाईने करायच्या की अकरा वर्षांचा अबोला त्यांच्या कामीच आला असं वाटावं. पथक सातवी 'ब'त पोचायचं तेव्हा आजी तिथल्या खाटेवर पाय पसरून, आणि धाकटी गुडघ्यांना तेल चोळतेय.

उरलेल्या वेळात त्या खाटांवर कोण झोपायचं तेही मला माहीत होतं. इकडे सुतार, तिकडे रंगाऱ्याची सासू. दूध दोन्हीकडची पोरं प्यायची. पण आजींची वेणी व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशी घातली जायची. "आमच्या आईंना ना, जरा मऊ चादर बघा हो," असं थोरली सांगून गेली की पाठोपाठ धाकटी यायची, "आमच्या आईंना दोन उशा लागतात." आजींचा चेहरा त्या दिवसांत चक्क भरला. नर्सबाई म्हणाल्या, "डोंगर दहा वर्षं आधी कोसळायला हवा होता."

एवढी गंमत एकट्याने पचत नाही. मी ती मास्तरांना सांगितली. चहाच्या वेळी दोघं पोट धरून हसलो. मास्तर म्हणाले, "माझ्या वहीतली आजी खरी. मी तिला प्रत्यक्ष बघून लिहिलंय. तुमची ऐकीव."

"असेल," मी म्हटलं. "पण खाट दोघींनाही खरीच मिळालीय."

पंधराव्या दिवशी फळ्यावरचा जुना नियम पुसून नवा लिहिला. पत्र्याच्या खोल्या तयार झाल्या होत्या. शाळा सोमवारी सुरू करायची म्हणून शनिवारी सगळ्यांना तिकडे हलवायचं. खोली पाच माणसांची. कार्डावर सहा किंवा जास्त असतील त्यांना मोठ्या खोल्या मिळणार, पण त्या बांधून व्हायला दोन महिने. तोवर त्यांनी तिकडच्याच मैदानातल्या तंबूत राहायचं.

दुसऱ्या सकाळी टाकीमागची देवाणघेवाण झाली नाही. मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही. वाटलं, आवराआवर चाललीय.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, सुतार माझ्या टेबलाशी आला. मागे रांग नाही याची आधी खात्री करून घेतली. हातातली टोपी दोनदा झटकली.

"साहेब, एक चूक झालीय. आमच्या कार्डावर आई लागलीय."

"मग?"

"ती धाकट्याकडच्या कार्डावर आहे. दोन ठिकाणी नाव म्हणजे गुन्हा होईल ना?"

"सोळा दिवस नाही झाला तो."

त्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. "नियमाने जे आहे ते करा. ती आलीही त्याच्याच बरोबर होती. त्याच ट्रॉलीतून."

इथे मला थांबता आलं असतं. व्हरांडा ओलांडायला तीस पावलं लागतात. पण मला तर सगळं माहीत होतं. आजी मास्तरांच्या वहीत आहे, पान बारा, ओळ सहा, हे मी झोपेतही सांगितलं असतं. शिवाय ते जास्तीचं डोकं माझ्या बेरजेत सोळा दिवस खड्यासारखं टोचत होतं. मी पट्टी लावून नावावर सरळ रेघ मारली, शेजारी 'दुबार नोंद, रद्द' असं लिहून सही केली. सहाची पाच. बेरीज हातासरशी दुरुस्त केली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्याच दिवशी मैदानाच्या फाटकावर रंगारी मास्तरांसमोर उभा होता, हे मला शनिवारी कळलं. तोही तेच म्हणाला होता. आई थोरल्याकडे आहे, पहिलं नाव तिकडे लागलंय, आमच्याकडचं काढा. मास्तरांनाही तीस पावलं चालायची गरज वाटली नाही. त्यांना मीच सांगितलं होतं ना, हसत हसत, कपबशी हातात धरून. त्यांनी रेघही सुंदर मारली असणार.

शुक्रवारी दोन्ही वह्यांची एकत्र यादी झाली, मॅडमनी सही केली, यादी वर गेली.

शनिवारी सकाळी बस लागल्या. मधल्या काळात चौदा जण नातेवाइकांकडे निघून गेले होते, यादीत तीनशे सत्त्याण्णव. मी दारात उभा राहून डोकी मोजली. तीनशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजली. मग व्हरांड्याच्या मधोमध, बरोबर दोन्ही वर्गांच्या मध्ये, बोचक्यावर बसलेल्या आजी दिसल्या. एक निळी, एक तपकिरी.

"आजी, बसमध्ये बसा."

"कुठल्या?" त्या म्हणाल्या. "तीन नंबरमध्ये चढले तर यादीवाला म्हणाला, तुमचं नाव नाही. पाचमध्ये गेले तर तिथेही तेच."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर माझ्याकडे.

"तुम्ही खोडलं?" मी विचारलं.

"तुमच्याकडे होती ना," मास्तर म्हणाले.

नर्सबाई औषधांचा खोका बांधत होत्या. सुतळीची गाठ न सोडताच म्हणाल्या, "दोन शिकलेल्या माणसांनी मिळून एक बाई खोडली. डोंगराला नाही जमलं ते."

मॅडमना बोलावलं. बाई सरळ होत्या, पण सतरा दिवस झोपल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही वह्या गुडघ्यावर उघडून बघितल्या, दोन्ही रेघा, दोन्ही सह्या, आणि दोघा भावांना खाली उतरवलं.

"यादी वर गेलीय. नवीन कार्ड आता निघणार नाही, एकट्या माणसाला खोली नाही. पण असलेल्या कार्डावर मी नाव वाढवू शकते, हे पेन माझ्या हातात आहे. ज्याच्या कार्डावर वाढवीन ते सहाचं होईल आणि ते कुटुंब तंबूत जाईल. दोन महिने. बोला, कुणाच्या?"

बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सगळी वस्ती बघत होती. मला वाटलं, आता लाजेकाजेस्तव तरी एक जण बोलेल. एकोणीस वर्षं नोंदणीत काढूनही मी माणसांबद्दल असे अंदाज करतो.

थोरला धाकट्याकडे वळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्याकडे होती ना ती?"

"तू लिहिलीस ना आधी?" धाकटा म्हणाला.

"लिहिली म्हणजे काय, आणलीस तू."

"आणली म्हणून कायमची माझी? तुझ्या पोरी दूध प्यायल्या तेव्हा कुणाची होती?"

"आणि तुझी सासू? तिला पाठव ना तंबूत."

"त्यांना दमा आहे. डॉक्टरचा कागद आहे."

"माझ्या थोरल्या पोरीची परीक्षा आहे."

थोरली सून खिडकीतून म्हणाली, "भाऊजी, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे." धाकटी दुसऱ्या बसमधून म्हणाली, "मग वहिनी, तुम्हीच करा की दोन महिने." अकरा वर्षांनी दोन्ही घरांत एवढं बोलणं झालं. भिंतीनेही ऐकलं असेल.

मॅडमचं पेन उघडं होतं. त्या एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे बघत होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

मी का सांगितलं नाही की चूक माझी, मी बघतो? काय बघणार होतो? माझं घर दोन खोल्यांचं, आणि हे मी मनातल्या मनात इतक्या चटकन म्हटलं की सुतार आणि मी एकाच कार्डावरचे वाटलो.

तेवढ्यात आजी बोलल्या. कुणाकडेही न बघता, एकतीस तारखेच्या भुकेबद्दल बोलल्या होत्या त्याच आवाजात.

"मला बरं वाटत नाहीये."

नर्सबाईंनी बांधलेला खोका सोडला. पट्टा काढून आजींच्या दंडाला गुंडाळला, फुगा दाबला, काट्याकडे बघत राहिल्या. मी शेजारीच होतो. मलाही काटा दिसत होता. एकशे चोवीस, ऐंशी. माझ्यापेक्षा चांगला.

नर्सबाईंनी आजींकडे बघितलं. आजींनी नजर हलवली नाही.

"एकशे नव्वद," नर्सबाई म्हणाल्या. "खालचा एकशे दहा. यांना प्रवास नको. मोठ्या दवाखान्यात भरती करते." आजारी माणसांचा कागद वेगळा असतो. त्यात कार्ड लागत नाही, कुटुंब लागत नाही. त्या एका कागदावर अजून आजींना जागा होती.

मॅडमनी पेन बंद केलं. काट्याकडे त्यांनीही बघितलं होतं.

"दवाखान्यात किती दिवस ठेवतील?" थोरल्याने विचारलं.

"बरं वाटेपर्यंत," नर्सबाई म्हणाल्या. "घाई आहे का?"

"नाही, नाही."

मग फॉर्म भरला. नाव, वय, तक्रार. नर्सबाई लिहीत होत्या, आजी सांगत होत्या.

"नातेवाईक?"

आजी थांबल्या. दोघं मुलगे चार पावलांवर उभे होते, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"दोन लिही," आजी म्हणाल्या. "आकडाच लिही. नावं नकोत, उगाच कुणी त्यांना बोलवायला जायचं."

रुग्णवाहिका आली तेव्हा दोघांनी बोचकं उचलायला एकदमच हात घातला. बोचकं होतं केवढंसं, एका बोटाने उचलावं असं. थोरला ड्रायव्हरला म्हणाला, "आमची आई आहे, हळू न्या." धाकटा दाराशी वाकून म्हणाला, "गचके लागू देऊ नका हं, आमची आई आहे." आजींनी दोघांच्याही तोंडावरून हात फिरवला, आणि मला वाटतं, आधी कुणाच्या फिरवायचा यावर क्षणभर अडल्या. दार लागलं. तपकिरी चप्पल पायरीवर निसटून पडली होती. ती मी खिडकीतून आत दिली.

बस निघायच्या आधी मी पुन्हा मोजलं. यादीत तीनशे सत्त्याण्णव, बसमध्ये तीनशे सत्त्याण्णव. सोळा-सतरा दिवसांत पहिल्यांदा मेळ बसला होता. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुपारी शाळा रिकामी झाल्यावर सामान परत घेणं चाललं होतं. स्टोअरकीपर खडूस माणूस. प्रत्येक खाटेच्या पावतीवरचं नाव वाचायचा, पायाचा नंबर बघायचा, मगच आत घ्यायचा. तिसरी 'अ'ची खाट आली, सातवी 'ब'ची आली. त्याने दोन्ही पावत्या शेजारी शेजारी धरल्या आणि मला हाक मारली.

"ओ भाऊसाहेब, हे काय? एकाच बाईच्या नावावर दोन खाटा? कुणी दिल्या?"

"मीच," मी म्हटलं.

"दोन खाटांवर झोपायची कशी ही?"

"एकीवरही नाही," मी म्हटलं. "घ्या आत."

त्याने मान हलवली, दोन्ही पावत्यांवर 'परत' असा शिक्का मारला, आणि म्हणाला, "सही करा."

मी दोनदा केली.